खोटी तारीख, खरा उजेड

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीवर फोटोंचे सात अल्बम होते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ओसरल्यावर आम्ही दार उघडले, तर अल्बमची पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. आजोबांचा फेट्यातला फोटो, माझे लग्न, दादाच्या मुलाचे बारसे, सगळे एका करड्या लगद्यात गेले होते. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या पोत्याशेजारी ठेवलेली बुटांची एक खोकी मात्र कोरडी राहिली. त्या खोक्यात जुन्या चार्जरच्या गुंत्यात एक अतिपातळ डिजिटल कॅमेरा होता. आम्ही तो २००६च्या दिवाळीत साडेसोळा हजार रुपयांना घेतला होता आणि २००९ नंतर जवळजवळ विसरलो होतो.

कॅमेऱ्यातल्या कार्डावर ४१२ फोटो निघाले. आमच्या घराचा तेवढाच दृश्य इतिहास आता शिल्लक आहे. त्यातल्या एका फोटोच्या तारखेवरून माझ्यात आणि दादात वाद झाला, आणि त्या वादातून हा लेख झाला. कॅमेऱ्याची समीक्षा सहसा त्याच्या विक्रीच्या काळात होते: मेगापिक्सेल किती, झूम किती, किंमत किती. पुस्तकाची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या पिढीच्या वाचनात होते. वस्तूलाही तोच न्याय लावावा, असे मला वाटते. अठरा वर्षांनंतर हा कॅमेरा काय सांगतो, काय लपवतो आणि कशाबद्दल सरळ खोटे बोलतो, हे मला पाहायचे आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही. दोष पुढे येणार आहेत आणि त्यांतले बरेचसे त्या काळाचे आहेत.

पातळपणाची स्पर्धा

कॅमेरा पातळ करण्याची ओढ नवी नव्हती, पण २००२ ते २००५ या चार वर्षांत तिने जोर धरला. कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१ हा २००२ सालचा कॅमेरा ११.३ मिलिमीटर जाडीचा होता, म्हणजे शर्टाच्या खिशात एखाद्या पत्त्यांच्या कॅटपेक्षाही कमी जागा घेणारा. त्यासाठी त्याने झूम सोडला, फोकस कायमचा ठरवून टाकला आणि सव्वा मेगापिक्सेलवर समाधान मानले. त्याच वर्षी मिनोल्टाच्या डायमाज एक्सने वेगळी वाट काढली. भिंगातून आलेला प्रकाश लोलकाने काटकोनात वळवायचा आणि झूमची सगळी भिंगे कॅमेऱ्याच्या पोटात उभी बसवायची. त्यामुळे नाक पुढे काढावे लागत नाही. २००३ मध्ये पेंटॅक्सच्या ऑप्टिओ एसने तिसरी युक्ती केली: कॅमेरा बंद झाला की भिंगांचा एक गट बाजूला सरकून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचा. सोनीने २००३च्या अखेरीस टी१ आणला, आणि २००५ मध्ये टी७ सर्वांत पातळ जागी ९.८ मिलिमीटरवर उतरला.

ही अभियांत्रिकी कौतुकाची आहे, आणि ते कौतुक आधी करून टाकले पाहिजे. स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. तिथून तीस वर्षांत तेच काम बोटभर जाडीच्याही आत आले.

पण प्रकाशाचे नियम कोणाच्या खिशाकडे पाहून बदलत नाहीत. कॅमेरा पातळ करायचा तर भिंग लहान हवे; भिंग लहान तर सेन्सरही लहान हवा. त्या काळच्या बहुतेक पातळ कॅमेऱ्यांतला सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही छोटा होता. त्यावर पाच-सहा मेगापिक्सेल बसवले की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला उजेड फार थोडा येतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात रवाळ ठिपके उठतात. ते पुसायला कॅमेऱ्यातली चिप चित्र गुळगुळीत करते आणि ठिपक्यांबरोबर लुगड्याची वीणही पुसून टाकते. उजेडाची ही टंचाई भरून काढायला फ्लॅश लागतो. तो भिंगाच्या अगदी शेजारी बसवावा लागतो. म्हणून डोळ्यांत लाल ठिपके येतात, तोंड पांढरे पडते आणि दोन-तीन मीटरच्या पलीकडे काळोख राहतो.

आमच्या घरामागे तालीम आहे. २००७ साली पुतण्याने तिथे संध्याकाळी सराव चालू असताना काही फोटो काढले. पैलवानांच्या डोक्यांभोवती पांढुरकी, पारदर्शक वर्तुळे तरंगताना दिसली. गल्लीत दोन दिवस चर्चा होती की वस्तादांचा आशीर्वाद फोटोत आला. प्रत्यक्षात ती हौद्यातली तांबडी माती होती. झटापटीत उडालेला कण भिंगापासून चार बोटांवर असतो, बाजूचाच फ्लॅश त्याला उजळतो, आणि फोकसबाहेरचा तो कण वर्तुळ होऊन बसतो. जगभर अशा वर्तुळांना लोकांनी आत्मे ठरवले. फ्लॅश भिंगापासून लांब असलेल्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत हा चमत्कार क्वचितच घडे. श्रद्धेचा एक छोटासा प्रकार निव्वळ जाडी कमी केल्याने जन्मला, असे म्हणता येईल.

मिस्त्रींच्या गावात न उघडणारी डबी

कोल्हापुरात कॅमेऱ्याविषयी लिहिताना बाबूराव पेंटर यांना ओलांडून जाता येत नाही. खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. कॅमेऱ्यासाठी स्तंभ उभारणारी गावे फार नसावीत. बाबूराव कृष्णराव मिस्त्री हे त्यांचे मूळ नाव. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत, आणि सिनेमाचे यंत्र आपणच करायचे या वेडाने झपाटलेले होते. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला, तो खोलून त्याची रचना समजून घेतली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी केली.

या इतिहासातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग देशी अभिमानाचा नाही. तो खोलण्याचा आहे. यंत्र उघडले, आतले पाहिले, तसे केले. गावाची ही सवय पुढे उद्यमनगरातल्या लेथवर टिकली. तिथे इंजिनाचा कुठलाही भाग नेऊन ठेवा, ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळते.

माझा कॅमेरा २०१९ मध्ये मी तिथल्याच एका कारागिराकडे नेला. बॅटरी फुगून तिने मागचा पडदा उचलला होता आणि बॅटरीच्या झाकणाची खिट्टी तुटली होती. त्यांनी चष्मा वर सरकवून कॅमेरा चारही बाजूंनी फिरवला. “ह्याला उघडायचंच नाही असं ठरवून बांधलंय, गुरुजी,” ते म्हणाले. “स्क्रू मुंगीएवढे, आणि त्याच्याखाली परत चिकटवलेलं. उघडला तर मिटायचा नाही.” पोलादी पट्टीची खिट्टी मात्र त्यांनी पंधरा मिनिटांत करून दिली. मूळ बॅटरीचे उत्पादन कधीच थांबले होते. दुसऱ्या कोणीतरी केलेली नक्कल मागवली, ती चाळीसेक फोटो टिकते.

पातळपणाची खरी किंमत इथे दिसते. जाड कॅमेऱ्यात मोकळी जागा असते आणि दुरुस्ती त्या मोकळ्या जागेत होते. बोट जाईल, चिमटा जाईल, तेल जाईल एवढी फट वस्तूला दीर्घायुष्य देते. दहा मिलिमीटरच्या डबीत फट ठेवणे म्हणजे हरणे, असे तिच्या कर्त्यांनी मानले होते. बाबूरावांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, त्यामुळे जाड लाकडी कॅमेरा म्हणजे अमरपट्टा, असे मी म्हणणार नाही. पण तो कॅमेरा बिघडला असता तर कोल्हापुरात दुरुस्त झाला असता. माझा कॅमेरा तो बनवणाऱ्यांकडेही आता दुरुस्त होत नाही.

स्टुडिओतून स्वयंपाकघरात

इतके दोष सांगितल्यावर या डबीने दिलेलेही सांगितले पाहिजे. आमच्या भिजलेल्या सात अल्बममध्ये काय होते, ते मला आठवते. लग्ने, मुंजी, बारशी, जोतिबाच्या यात्रेचा एक फोटो, पन्हाळ्याची सहल. रोल ३६ फोटोंचा, धुण्याचा आणि छापण्याचा खर्च वेगळा. म्हणून कॅमेरा प्रसंगालाच बाहेर यायचा. तो वडिलांच्या किंवा माझ्या हातात असायचा. बायका फोटोत असत, कॅमेऱ्यामागे नसत. आई ज्या फोटोत आहे त्यात ती उभी आहे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नजर समोर, श्वास रोखलेला.

कार्डावरचे ४१२ फोटो वेगळेच आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक वहिनींनी, माझ्या पत्नीने आणि पोरांनी काढलेले आहेत. कॅमेरा फ्रिजवर, डब्यांच्या शेजारी असायचा. चकलीच्या सोऱ्यासकट वहिनींचे हात, न्हाणीघराच्या दारातला बंब, गॅसवर उतू गेलेले दूध, झोपलेला दादा, कोयरीत भरलेले कुंकू. आमच्या घरातल्या स्वयंपाकघराचा पहिला फोटो २००६ साली निघाला. घर त्याआधी सत्तर वर्षे उभे होते. आईला तो कॅमेरा म्हणजे चुन्याची डबी वाटायची. “एवढ्याशा डबीत माणसं मावत्यात व्हय?” असे ती म्हणायची आणि कोणी समोर धरला तर हसायची. जाड कॅमेऱ्यासमोर ती कधी हसली नव्हती.

पातळ कॅमेऱ्याचे हे खरे काम, आणि ते त्याच्या तांत्रिक यशापेक्षा मोठे आहे. त्याने चित्राचा दर्जा खाली आणला आणि चित्रात येण्याची पात्रताही खाली आणली. उजेड पुरेसा नाही, हात हलला आहे, चौकट वाकडी आहे. पण त्या चौकटीत असे आयुष्य आले जे चांगल्या कॅमेऱ्याने कधी पाहिलेच नव्हते.

एक गोष्ट मात्र त्याने परस्पर काढून घेतली. फाइलींचे क्रमांक ०८६१ पर्यंत जातात आणि फोटो उरले ४१२. म्हणजे आम्ही ४४९ फोटो पुसले. एक जीबीच्या कार्डावर जागा राहावी म्हणून, डोळे मिटले म्हणून, कोणी जाड दिसते म्हणून. निगेटिव्हच्या काळात वाईट फोटो अल्बममध्ये लागत नसे, पण पाकिटात राहत असे. इथे बटण दाबले की पाकीटही नाही. ते ४४९ फोटो कशाचे होते, हे आता फक्त रिकाम्या क्रमांकांवरून अंदाजाने सांगता येते.

क्रमांक ०८४७

आता वादाच्या फोटोकडे येतो. क्रमांक ०८४७. आई पश्चिमेच्या दाराच्या आत, भिंतीला टेकून शहाबादी फरशीवर बसली आहे. समोर सूप आहे. दारातून आलेले तिरके ऊन तिच्या गुडघ्यापाशी पडले आहे. ती हसते आहे. कॅमेऱ्याची तारीख सांगते: १ जानेवारी २००५, रात्री १२ वाजून ४ मिनिटे.

तारीख उघडच खोटी आहे. त्या दिवशी हा कॅमेरा आमच्याकडे नव्हता, आणि रात्री बारा वाजता ऊन पडत नाही. कारण साधे आहे. मुख्य बॅटरी काढली की आतले घड्याळ एका इवल्याशा राखीव साठ्यावर चालते. तो साठा जुना झाला की बॅटरी काढताच घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर परत जाते. पुन्हा तारीख लावण्याचा कंटाळा सगळ्यांना असतो. आमच्या कार्डावरच्या दोनशेहून अधिक फोटोंचा जन्म असा १ किंवा २ जानेवारी २००५चा आहे. छापील फोटोच्या मागे कोणी पेन्सिलीने चुकीचे साल लिहिले तर अक्षरावरून शंका घेता येते. यंत्राने लिहिलेली खोटी तारीख खऱ्या तारखेइतक्याच आत्मविश्वासाने बोलते. पुढे कोणी अभ्यासक घरगुती चित्रांवरून या दशकाचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला १ जानेवारीला साऱ्या देशात फोटोंचा पूर आलेला दिसेल.

दादाचे म्हणणे होते की हा फोटो दिवाळीचा. आई धडधाकट दिसते, हसते आहे. म्हणजे आजारपणाच्या आधीचा. २००८च्या डिसेंबरात तिला रुग्णालयात ठेवावे लागले. संक्रांतीच्या सुमारास घरी आणले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ती गेली. त्या सहा आठवड्यांतले माझ्या आठवणीत फक्त मधल्या खोलीतली कॉट, औषधांच्या पट्ट्या आणि मिटलेली खिडकी आहे. ती पुन्हा उठून बसली नाही, असेच मी पंधरा वर्षे धरून चाललो. तिला एकदा तरी उन्हात बसवायला हवे होते, हे मला लागून राहिले होते. फोटो दिवाळीचा असेल, तर ती रुखरुख खरी. त्यानंतरचा असेल, तर माझी आठवण खोटी.

मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, म्हणून माझे लक्ष सुपाआधी उन्हाकडे गेले. फोटोत दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याची सावली फरशीवर स्पष्ट दिसते. हा कोपरा दुपारपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर एक रेष आखत जातो. दिवाळीपासून डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत सूर्य दक्षिणेला सरकतो, तशी ही रेष घरात रोज थोडी उत्तरेला सरकते. मग त्याच वाटेने परत येते. म्हणून प्रत्येक रेषेला वर्षात दोन तारखा असतात. कोल्हापूरकराला हे निराळे समजावून सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग कमरेवर-छातीवर आणि शेवटी मुखावर पडतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे जेवढे दिवस, पलीकडेही साधारण तेवढेच.

घराचे दार, चौकट आणि फरशी महापुरानंतरही तीच आहेत. समोर तालमीचे मोकळे आवार असल्याने ऊन अजून येते. २०२३च्या २८ ऑक्टोबरला मी खडूने पहिली रेष आखली, १० नोव्हेंबरला दुसरी. दोन रेषांत वीतभर अंतर पडले. ०८४७ मधला सावलीचा कोपरा दुसऱ्या रेषेवर बसतो. पुढच्या ३१ जानेवारीला रेष पुन्हा तिथेच आली.

आता पंचांग पाहू. २००८ मध्ये लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला होते. म्हणजे दादाची दिवाळी उन्हाने बाद केली. पण २००७ मध्ये लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होते, ऐन किरणोत्सवात! त्या दिवाळीला हेच ऊन याच फरशीवर पडले असणार. दादा हरला नव्हता, एक वर्ष मागे गेला होता. उजेड खरे बोलतो, पण एका प्रश्नाला दोन उत्तरे देतो, आणि साल तर तो सांगतच नाही.

साल सांगायला फाइलींचे क्रमांक कामी आले. घड्याळ विसरले तरी मोजणी कॅमेरा विसरला नाही. कार्ड आम्ही कधी बदलले नाही आणि एकही क्रमांक दोनदा आलेला नाही. ०७३१ क्रमांकाचा फोटो गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचा आहे आणि त्यातल्या मंडळाच्या कमानीवर ‘२००८’ असे रंगवलेले आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला होती. ०८४७ त्यानंतरचा. २००७ची दिवाळीही गेली. उरल्या दोन शक्यता: १० नोव्हेंबर २००८च्या आसपासचे दिवस, म्हणजे आजारपणाआधी, किंवा ३१ जानेवारी २००९च्या आसपासचे, म्हणजे रुग्णालयातून आणल्यानंतर.

इथे सूप बोलायला हवे होते. त्यात काहीतरी हिरवे आहे. ओला हरभरा असेल, तर जानेवारी पक्का. पण पडवीतल्या अंधूक उजेडात कॅमेऱ्याने ठिपके पुसताना शेंगाही पुसल्या. पडद्यावर कितीही मोठे केले तरी हिरवा शेवाळासारखा डाग दिसतो. पत्नी म्हणते हरभरा, वहिनी म्हणतात पावटा. पातळपणासाठी सोडलेल्या उजेडाची किंमत मी कधी मोजली असेल, तर ती या सुपापाशी.

शेवटी उत्तर शेजारच्या फोटोंनी दिले. ०८३८ ते ०८४४ या क्रमांकांपैकी पाच उरले आहेत. वहिनींच्या हळदीकुंकवाचे. काळी लुगडी, काळ्या साड्या, तबकात तिळगूळ, सुगडी. संक्रांत ते रथसप्तमी यांच्यामधलेच ते दिवस. ०८४७ त्यांच्यानंतरचा आहे. त्यानंतर चौदा क्रमांक, आणि मग कॅमेरा बंद.

आई रुग्णालयातून आल्यावर एका संध्याकाळी उन्हात बसली होती. सूप मांडीशी घेऊन. आणि हसली होती. मी घरातच असणार. मला ते आठवत नाही. फोटो कोणी काढला, हेही कोणाला आठवत नाही. दादाला सगळे सांगितले तेव्हा तो बराच वेळ खडूच्या रेषेकडे पाहत राहिला. “म्हणजे बसली होती तर,” एवढेच म्हणाला.

पुन्हा आलेली आवड

मधल्या काळात या कॅमेऱ्यांचे जग संपले. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. पातळपणाची स्पर्धा सुरू करणाऱ्या कॅसिओने २०१८ मध्ये हा व्यवसायच सोडला. फोन अधिक पातळ निघाला नाही. तो आधीच खिशात होता, एवढेच.

आणि आता हे कॅमेरे परत हवेसे झाले आहेत. माझी नात पुण्याला शिकते. तिने माझ्याकडे हा कॅमेरा मागितला, कारण तिच्या मैत्रिणी जुने ‘डिजिकॅम’ शोधून जास्त पैसे देऊन घेतात. सीसीडी सेन्सरचा रंग वेगळा असतो, असे त्या म्हणतात. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पण त्यांनी त्यात जुन्या दिवसांचा रंग घातलेला नव्हता. त्या चित्रांचा रंग हा बहुतांशी कॅमेऱ्यातल्या चिपने केलेल्या प्रक्रियेचा, छोट्या सेन्सरच्या मर्यादेचा आणि तोंडावर मारलेल्या फ्लॅशचा परिणाम आहे. सीसीडीला त्याचे श्रेय देणे म्हणजे आजीच्या आमटीची चव पातेल्याला देणे.

तरीही नातीच्या पिढीला मी हसणार नाही. तिच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि फोन ते स्वतःच सुधारतो: अंधार उजळतो, चेहरा गोरा करतो, आकाश निळे करतो. त्यापेक्षा ज्याचे दोष ओळखता येतात असे यंत्र तिला विश्वासार्ह वाटत असेल, तर ते समजण्यासारखे आहे. माझा आक्षेप एवढाच की तिने दोषांना सौंदर्य समजू नये. ०८४७ मधल्या सुपातला हिरवा डाग मला सुंदर वाटत नाही. तिथे शेंगा दिसायला हव्या होत्या.

मग या कॅमेऱ्याबद्दल माझा निवाडा काय? पाहण्याचे साधन म्हणून तो मध्यम होता. वस्तू म्हणून वाईट होता: उघडत नाही, टिकत नाही. साक्षीदार म्हणून तर त्याने शपथेवर खोटे सांगितले. आणि तरीही ज्या क्षणी घरातले दुसरे कोणतेही यंत्र बाहेर काढले गेले नसते, त्या क्षणी तो फ्रिजवर होता, कोणाच्या तरी हातात मावला, आणि आईला त्याची भीती वाटली नाही. चांगल्या कॅमेऱ्याने हा फोटो अधिक चांगला काढला असता, हे म्हणणे निरर्थक आहे. चांगला कॅमेरा त्या संध्याकाळी कपाटात असता.

कॅमेरा नातीला दिला. देताना दोन गोष्टी सांगितल्या: बॅटरी बदललीस की आधी तारीख लाव, आणि काहीही पुसू नकोस. कार्ड मात्र ठेवून घेतले. ०८४७चा फोटो महाद्वार रोडवरच्या एका स्टुडिओतून कागदावर छापून आणला आणि मागे पेन्सिलीने लिहिले: ‘आई. ३१ जानेवारी २००९च्या आसपास. संध्याकाळ.’ तो आता माळ्यावर, पितळी भांड्यांच्या शेजारी आहे.